सामाजी हसाजी: नवसाच्या एका नावाची साधने

शिवनेरीच्या कातळात दोन परदेशी माणसे आपले नाव कोरून गेली आहेत. एक इरिल, दुसरा चिट. दोघांनीही स्वतःला ‘यवन’ म्हटले आहे आणि दोघेही ‘गतां’पैकी आहेत. इरिलाने पाण्याची दोन टाकी खोदून दिली, चिटाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. जुन्नरजवळच्याच मानमोडीच्या डोंगरात तिसरा यवन भेटतो. त्याचे नाव चंद. भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांचे लेख १८८१ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हापासून अभ्यासक या तिघांच्या मागे लागले आहेत. ‘गता’ म्हणजे युरोपातले गॉथ, असाही एक तर्क स्टेन कोनोने १९१२ मध्ये मांडला होता.

या तिघांत चंद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इरिल हे नाव कानावर पडताच परके वाटते. चंद मात्र आपल्यातला. लेखात ‘यवन’ हा शब्द नसता, तर हा दाता परदेशी होता हे कोणाच्याही लक्षात आले नसते. माणूस यवन, नाव इथले, लेखाची भाषा प्राकृत, आणि दान बौद्ध संघाला. नुसत्या नावावरून माणसाचे कूळ ठरवू नये, याचा जुन्नर परिसरातला हा जवळपास दोन हजार वर्षांचा लेखी पुरावा आहे.

हे तिघे ज्यू नव्हते, एवढे आधीच सांगून टाकतो. ‘यवन’ दिसला की हव्या त्या जमातीचा पूर्वज त्यात शोधण्याची हौस आपल्याकडे कमी नाही. मला त्यांची गरज वेगळ्या कारणासाठी आहे. जुन्नरहून नाणेघाट उतरला की वाट कल्याणकडे जाते आणि तिथून सोपारा, चौल अशा बंदरांशी जोडली जाते. चौलच्या आसपास, अलिबाग-पेण-पनवेलच्या पट्ट्यात, बेने इस्राएल नावाचा मराठी बोलणारा ज्यू समाज शतकानुशतके राहिला. त्या समाजातल्या एका माणसाच्या नावाची साधने इथे तपासायची आहेत. हिब्रूत ते नाव शमुएल, मराठी बायबलात शमुवेल, इंग्रजीत सॅम्युएल. तो माणूस मुंबईत ज्या नावाने ओळखला गेला ते नाव मात्र सामाजी हसाजी दिवेकर.

नावाच्या अर्थापासून सुरुवात करू. बायबलातल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात या नावाची जन्मकथा आहे. एलकानाला दोन बायका होत्या. पनिन्नेला मुले होती, हन्नेला नव्हती, आणि पनिन्ना तिला त्यावरून टोचत असे. हन्ना शिलोच्या मंदिरात गेली, रडली, आणि तिने नवस केला: मुलगा झाला तर तो जन्मभर देवाला वाहीन, त्याच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. ओठ हलताहेत पण आवाज नाही, हे पाहून एली याजकाला वाटले, बाई दारू प्यायली आहे. पुढे मुलगा झाला आणि तिने त्याचे नाव शमुएल ठेवले. कारण तिनेच दिले: मी याला देवाकडून मागून घेतले.

भाषेच्या अभ्यासकांची अडचण इथे सुरू होते. ‘मागणे’ या अर्थाचा हिब्रू धातू शाअल. त्यापासून शमुएल हे नाव होत नाही. होते ते शाऊल, म्हणजे ‘मागितलेला’. शाऊल हा इस्राएलचा पहिला राजा, आणि त्याला अभिषेक करणारा याच कथेतला शमुएल. एवढेच नाही, तर अध्यायाच्या शेवटी हन्ना मुलाला मंदिरात सोडताना जे शब्द बोलते, त्यात हिब्रू मुळात ‘शाऊल’ हेच रूप जसेच्या तसे येते. त्यामुळे ही जन्मकथा मुळात शाऊल राजाची असावी आणि नंतर शमुएलाला जोडली गेली असावी, असे काही अभ्यासक मानतात. सगळ्यांना ते पटलेले नाही. जुने कथाकार उच्चारांच्या सारखेपणावर खुशाल खेळत, व्याकरणाचा हिशेब ठेवत नसत, हाही पक्ष आहे. मला दुसरा पक्ष अधिक संभाव्य वाटतो, पण शाऊलाचे नाव तिथे उगाच आले असेल असेही वाटत नाही.

मग शमुएलचा अर्थ काय? ‘शेम’ म्हणजे नाव आणि ‘एल’ म्हणजे देव, हे दोन भाग बहुतेकांना मान्य आहेत. मधल्या ‘उ’वर वाद आहे. तो जुन्या विभक्तीचा अवशेष धरला तर अर्थ होतो ‘एलचे नाव’. ‘त्याचे’ असा धरला तर ‘त्याचे नाव एल’. ‘पनुएल’ म्हणजे ‘देवाचे मुख’ या स्थळनामातही असाच ‘उ’ आहे, म्हणून पहिला अर्थ मला सरळ वाटतो. ‘देवाने ऐकले’ हा तिसरा अर्थ भाविकांत फार लोकप्रिय आहे. कथेला तो शोभतोही. पण ‘ऐकणे’ या धातूतला शेवटचा कंठ्य वर्ण शमुएलमध्ये नाहीच. तो वर्ण ज्या नावात टिकला ते नाव इश्माएल. अरबीतून ते इस्माईल होऊन दख्खनमध्ये आले, आणि ज्या निजामशाहीची पहिली राजधानी जुन्नर होती, तिच्या तख्तावर १५८९ ते १५९१ या काळात इस्माईल नावाचा सुलतान बसून गेला. म्हणजे बायबलातली नावे सह्याद्रीच्या माथ्यावर इंग्रजांच्या आधीपासून आहेत, फक्त ती अरबी वाटेने आली.

नवस आणि नाव यांची सांगड शिवनेरीला नवी नाही. जिजाबाईंनी गडावरच्या शिवाई देवीला नवस केला, म्हणून मुलाचे नाव शिवाजी ठेवले, ही गोष्ट जुन्नरच्या पोराटोरांना ठाऊक असते. समकालीन साधन मात्र काही वेगळे सांगते. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त नावाचे कारण दिले आहे ते असे की, शिवगिरीच्या माथ्यावर जन्मला म्हणून लोकांत शिव या नावाने प्रसिद्ध झाला. देवीचा नवस तिथे नावाचे कारण म्हणून येत नाही. गडाचे नाव येते. जन्मतिथीच्या बाबतीत ‘शिवभारत’ आणि जेधे शकावली एकमेकांशी जुळतात, शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. तिथीला दोन स्वतंत्र साधनांचा आधार आहे, नवसाला लोकपरंपरेचा. यावरून नवस झालाच नाही असे कोणी म्हणू नये. शमुएलाच्या कथेला लावली तीच फूटपट्टी इथे लावायची, एवढेच: नाव कशावरून पडले आणि नाव कशावरून पडले असे लोक सांगतात, या दोन गोष्टींची साधने वेगळी असतात.

जाता जाता एक. हे ‘शिवभारत’ १९२७ मध्ये संपादून प्रसिद्ध करणारे स. म. दिवेकर. आडनाव तेच, जे सामाजींचे. ब्राह्मण घरातही दिवेकर आणि बेने इस्राएल घरातही दिवेकर. ‘-कर’ गाव सांगतो, धर्म सांगत नाही.

भोसल्यांच्या घरातच आणखी एक दाखला आहे आणि तो आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे. अहमदनगरच्या शाह शरीफ पीराच्या कृपेने मुलगे झाले, म्हणून मालोजींनी त्यांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. शाह हा शब्द फारसी, शरीफ अरबी. त्यांना ‘जी’ लागला आणि ती मराठा सरदारांची नावे झाली. आज ‘शहाजी’ उच्चारताना कोणाला त्यात परके काही जाणवत नाही. परक्या शब्दाचा पहिला ठसठशीत भाग ठेवायचा, मराठी जिभेला जड जाणारी शेपटी सोडायची आणि ‘जी’ जोडायचा, ही रीत दख्खनेत चालू होती. बेने इस्राएलांनी वेगळे काही केले नाही. शमुएलचा सामाजी झाला. इसहाकचा इसाजी, मोशे म्हणजे मुसाचा मुसाजी, दाविदचा दाऊदजी, एलियाहूचा एलोजी, अब्राहामचा आबाजी, याकोबचा अकोबा. यहेज्केल या लांबलचक नावातून मधला भाग उचलून हसाजी केला. सामाजीत ‘एल’ गळाला, म्हणजे नावातला देव गेला आणि त्याच्या जागी मराठी आदर आला. त्याची खंत कोणाला वाटल्याचे दिसत नाही.

या समाजाबद्दलची लेखी साधने उशिरा सुरू होतात. समाजाची स्वतःची परंपरा अशी की, नवगावजवळ गलबत फुटले, सात जोडपी वाचली, त्यांचा हा वंश. नवगावला त्या घटनेचे स्मारक आहे. तिच्या काळाबद्दल नाना मते आहेत आणि कोणत्याही मताला समकालीन कागदाचा आधार नाही. भक्कम कागद मिळतो तो १७३८ चा. सार्टोरियस नावाच्या डॅनिश मिशनमधल्या पाद्र्याने पत्रात लिहिले की, सुरत आणि राजापूरकडे स्वतःला बेने इस्राएल म्हणवणारे लोक आहेत, त्यांच्याकडे बायबल नाही, ‘शमा’ ही प्रार्थना तेवढी येते. दुसरा कागद १७६८ चा. कोचीनचे व्यापारी यहेज्केल रहाबी यांनी हॉलंडच्या टोबियास बोआसला पाठवलेल्या पत्रात मराठी मुलुखातल्या या लोकांचा उल्लेख केला: तेल गाळतात, काही जण सैन्यात आहेत, शब्बाथ पाळतात. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारपाजारचे लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. या दोन पत्रांत एकाही कोकणी ज्यूचे व्यक्तिनाम नाही.

नावांची यादी येते ती १९व्या शतकाच्या पूर्वार्धात, मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सन यांच्या लिखाणात. सुंतेच्या वेळी काजी, म्हणजे समाजाचा धर्माधिकारी, हिब्रू नाव ठेवतो आणि व्यवहारात देशी नाव चालते, हे त्यांनी नोंदवले. देवळात, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी, एक नाव. बाजारात, पलटणीत, गावच्या कागदात दुसरे. रऊबेन हे नाव फार आवडते, यहुदा कोणी ठेवत नाही आणि बायकांत एस्तेर आढळत नाही, असेही विल्सन सांगतात. या नोंदीवरून पुढे मोठमोठे निष्कर्ष निघाले. यहुदा नाही, म्हणजे हे यहुदाच्या राज्यातले नव्हेत, उत्तरेकडच्या हरवलेल्या दहा वंशांतले असणार. एस्तेर नाही, म्हणजे तिच्या काळाआधीच पूर्वजांनी देश सोडला असणार. मला हा पुरावा फार कच्चा वाटतो. नावांची आवडनिवड दोनचार पिढ्यांत पालटते. दीडशे वर्षांपूर्वी जुन्नर-आंबेगावच्या घराघरांत जी नावे होती, त्यांतली किती आज पाळण्यात ठेवली जातात? एका शतकातल्या यादीवरून दोन हजार वर्षांमागचे प्रस्थान ठरवायचे, हे इतिहासाचे काम नव्हे.

आता खुद्द सामाजी. त्यांची हकिगत सविस्तर मिळते ती हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या बेने इस्राएलांच्या इतिहासात. हे पुस्तक त्यांनी १८९७ मध्ये लिहून पुरे केले आणि छापले गेले थेट १९३७ मध्ये, तेल अवीवला. घटना आणि लिखाण यांत शंभरेक वर्षांचे अंतर आहे, हे विसरता कामा नये. हकिगत अशी. सामाजी आणि त्यांचे भाऊ इसाजी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात देशी अधिकारी होते. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात ते टिपू सुलतानाच्या हाती सापडले. कैद्यांना जात विचारली गेली, तेव्हा त्यांनी ‘बेने इस्राएल’ असे सांगितले. टिपूच्या आईने ते ऐकून, कुराणात ज्यांचा उल्लेख आहे ते हे लोक, यांचा जीव घेऊ नकोस, अशी गळ घातली. सामाजींनी कैदेत नवस केला होता, सुटलो तर मुंबईत प्रार्थनामंदिर बांधीन.

यातले काय पक्के धरायचे? युद्धाची चौकट पक्की आहे. जनरल मॅथ्यूजच्या हाताखालचे मुंबई सैन्य १७८३ च्या एप्रिलअखेर बेदनूरला टिपूला शरण गेले आणि ११ मार्च १७८४ च्या मंगळूर तहाने कैद्यांच्या सुटकेचे ठरले. सामाजींची कैद या चौकटीत नीट बसते. ‘बनी इस्राईल’ हा शब्द कुराणात वारंवार येतो, त्यामुळे टिपूच्या दरबारात तो ओळखीचा असणे स्वाभाविक. आईचा संवाद मात्र परंपरेच्या खात्यावर ठेवावा. धर्मवत्सल राजमातेच्या तोंडून कैद्याला अभय, हा प्रसंग आपल्या बखरींच्या वाचकाला नवा नाही. आणि नवस? प्रार्थनामंदिर उभे राहिले, १७९६ मध्ये, तहानंतर बारा वर्षांनी. बांधकाम ही घटना आहे. तिच्यामागचा नवस हे समाजाने जपलेले कारण आहे.

ते कारण समाजाला पटावे असेच होते. बेने इस्राएलांच्या धर्मजीवनात नवसाला मोठी जागा आहे. अलिबागजवळ खंडाळ्याला ‘एलियाहू हन्नाबीचा टप्पा’ आहे; एलिया संदेष्ट्याचा रथ तिथून आकाशात गेला आणि खडकावर खूण उरली, अशी श्रद्धा. नवस फेडायचा तो ‘मलिदा’ करून: भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वर फळे, आणि एलियाहूचे नामस्मरण. जगातल्या इतर ज्यूंना हा विधी ठाऊक नाही. कोकणातल्या कोणालाही तो पाहताच समजेल. अशा समाजात हन्नेने नवसाने मिळवलेल्या मुलाचे नाव धारण करणाऱ्या माणसाने स्वतः नवस करावा आणि फेडावा, हे सांगणाऱ्याला फार भावले असणार. म्हणूनच त्या भागाकडे जरा सावधपणे पाहावे.

मंदिर बांधले, पण त्यात वाचायला तोराची, म्हणजे धर्मग्रंथाची, गुंडाळी हवी. ती आणण्यासाठी सामाजी कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या मंदिराला लोक ‘सामाजी हसाजींचे देऊळ’ किंवा ‘जुनी मशीद’ म्हणत. बेने इस्राएल आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत असत. जवळच्या मशीद बंदर स्टेशनाचे नाव यावरूनच पडले असे पुष्कळ जण मानतात. १८६० मध्ये मंदिर हल्लीच्या जागी आले. १८९६ मध्ये, शंभर वर्षे झाल्यावर, त्याला ‘शाअर हारहमीम’ म्हणजे दयेचे द्वार हे हिब्रू नाव देण्यात आले. समोरचा रस्ता सॅम्युएल स्ट्रीट. एका माणसाचे मराठी नाव देवळावरून उतरले आणि इंग्रजी नाव रस्त्यावर चढले, दोन्ही बदल मंदिर आणि माणूस तेच असताना.

हा बदल एकट्या सामाजींच्या वाट्याला आला नाही. १९व्या शतकात कोचीनचे शिक्षक आले, बगदादी ज्यू व्यापारी आले, मिशनच्या शाळा आल्या. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या दानातून ओहेल डेव्हिड, म्हणजे आपले लाल देऊळ, १८६७ मध्ये पुरे झाले. १८७४ मध्ये पुण्यातच वल्हांडणाच्या सणाची ‘हग्गादा’ ही पोथी मराठी भाषांतरासह आणि चित्रांसह छापली गेली. हिब्रू ग्रंथ हातात आले, तशी हिब्रू नावे सुंतेच्या विधीतून बाहेर पडून सहीत उतरली, पण इंग्रजी वेषात. इसाजी आयझॅक झाले, हसाजी इझिकेल. सामाजीचे पुन्हा शमुएल झाले नाही, सॅम्युएल झाले. केहिमकरांच्या नावातच तो टप्पा दिसतो: हाईम हे त्यांचे नाव, सॅम्युएल वडिलांचे, केहिमकर हे किहीम गावावरून. माणसाचे, बापाचे, गावाचे, ही चाल ‘सामाजी हसाजी दिवेकर’मध्ये होती तीच राहिली. आणखी दोन पिढ्यांनी पुष्कळ घरांनी गावही सोडले आणि बापाचे किंवा आज्याचे नाव आडनावासारखे लावले. कवी निस्सीम इझिकेल यांच्या नावातला इझिकेल, म्हणजे हसाजीच.

सामाजी या रूपाला ‘सॅम्युएलचा अपभ्रंश’ म्हणणे मला साफ नामंजूर आहे. सॅम्युएल हेही हिब्रू नव्हे. ग्रीक, लॅटिन करत इंग्रजांपर्यंत गेलेले ते रूप आहे. शहाजी हा ‘शाह’चा अपभ्रंश असे कोणी लिहीत नाही, मग सामाजीलाच हा न्याय का? १७९६ मध्ये ज्या नावाने ते ओळखले जात, ते त्यांचे नाव. इंग्रजी रूप छापील साधनांत स्थिरावले ते नंतर.

यात एक व्यावहारिक मुद्दाही आहे. मोडी दफ्तरात, पलटणीच्या यादीत किंवा तेल्यांच्या वसुलीच्या कागदात नुसता ‘सामाजी बिन हसाजी’ सापडला, तर तो बेने इस्राएल की आणखी कोणी, हे नावावरून ठरणार नाही. मानमोडीच्या चंदाला ‘यवन’ शब्दाने ओळखू दिले, तसा शेजारचा एखादा शब्द लागेल. वार कोणता, धंदा कोणता, गाव अलिबागकडच्या अष्टागरातले की घाटावरचे, हे पाहावे लागेल. संपादकाने तिथे समजून-उमजून ‘सॅम्युएल’ करून छापले, तर पुढच्या वाचकाच्या हातून तो पुरावाच जातो. म्हणून अशा कागदांचे लिप्यंतर करणाऱ्यांना विनंती: कागदात सामाजी असेल तर सामाजीच छापा, आणि तुमचा तर्क तळटीपेत लिहा.